मुरलेली खीर

वाईला आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पूजा सांगायचं काम. वडील घाटावर बसून लोकांच्या ओंजळीत तीर्थ घालत. मी शिकून नोकरी धरली ती त्या तीर्थाचं पुढे माणसाच्या पोटात काय होतं, ते सूक्ष्मदर्शक दुर्बिणीतून पाहायची. वडिलांनी हे दुःख मुकाट्याने गिळलं. मुलगा काय करतो असं कोणी विचारलं, की ते "सरकारात तपासनीस आहे" म्हणून सांगत, आणि काय तपासतो हे त्याने विचारायच्या आत त्याच्या हातावर साखरफुटाणे ठेवत.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. माझी नेमणूक शिराळा तालुक्यातल्या एका गावच्या सरकारी दवाखान्यात होती. काम मुख्यतः मलेरियाचं. ताप आलेल्या माणसाच्या बोटाला टोचायचं, थेंब काचेवर पसरायचा आणि पाहायचा. दवाखान्यात पुण्याचे एक तरुण डॉक्टर होते. त्यांच्यापाशी एक गुलाबी औषध होतं. ते पोटदुखीला चाले, पडशाला चाले आणि सासूशी भांडून आलेल्या बायकांनाही त्याचा गुण येई. डॉक्टर दर महिन्याला बदलीचा अर्ज लिहीत. तो मात्र कोणालाच लागू पडत नसे.

गावातली वजनदार असामी म्हणजे एक निवृत्त सुभेदार. उसाची बागायत, पांढऱ्या मिशा आणि प्रत्येक गोष्टीला लष्करी नियम. ते गोठ्यातल्या म्हशींनाही वेळेवर उठायला लावत. त्यांचा थोरला मुलगा पलटणीत होता. तो महिन्याच्या रजेवर आला, तेव्हा खंडाळ्याकडची मुलगी पाहून सुभेदारांनी वैशाखात त्याचं लग्न उरकलं. लग्न मुलीच्या गावी झालं. आमच्या गावाला जेवण मिळणार होतं ते चौथ्या दिवशी, पूजेचं, सुभेदारांच्या दारात.

त्या भावकीची खिरीबाबत एक रीत होती. खीर खपली गव्हाची, गूळ घातलेली, आणि तिला दूध साऱ्या भावकीचं. प्रत्येक घरातून तांब्या यायचाच. कोणाचं दूध पातळ असो की वास मारणारं असो, परत पाठवायचं नाही. दूध परत पाठवलं की तीन पिढ्या बोलणं बंद. खीर आदल्या दिवशी संध्याकाळी शिजायची आणि रात्रभर डेगेत मुरायची. ताजी खीर वाढणं म्हणजे पाहुण्याची बोळवण, असं समजत. आणि डेग चुलीवरून उतरून खीर कोमट झाली, की घरातल्या नव्या सुनेने आपल्या हाताने केळी कुस्करून तिच्यात कालवायची. चमच्याने नाही, पळीने नाही, कोपरापर्यंत हात घालून. त्याने घरात गोडवा राहतो म्हणे. मला त्या घरांत गोडवा फारसा कुठे दिसला नाही, पण केळी कुस्करली जात होती एवढं खरं.

वैशाखातला उकाडा, दोन माणसांना कवेत न मावणारी डेग, वरून ओलं फडकं. दुसऱ्या दिवशी बाराला पंगती बसल्या. दुसऱ्या पंगतीत मी आणि डॉक्टर शेजारी शेजारी होतो. खीर फार सुरेख झाली होती. मी तीनदा घेतली.

तीनच्या सुमाराला पहिली पंगत ओकायला लागली. साडेतीनला आमची. पाच वाजेपर्यंत गावात एक बांध असा राहिला नव्हता, की ज्याच्या आडोशाला कोणी पोट धरून बसलेलं नाही. ज्यांचं बांधावरून कोर्टात चाललं होतं ते दोघे त्याच बांधाला टेकून एकमेकांना पाणी देत होते. डॉक्टरांनी स्वतःचं गुलाबी औषध घेतलं आणि लगेच गुलाबी रंगाचं ओकले. त्यांचा त्या औषधावरचा विश्वास मी तेव्हाच उडालेला पाहिला. माझं सांगायचं तर, मी दवाखान्याच्या मागच्या कडुनिंबाला मिठी मारून उभा होतो आणि खिरीच्या त्या तिसऱ्या वाटीला शिव्या देत होतो.

सुदैवाने दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बहुतेक सगळे उठून बसले. कोणी दगावलं नाही. पोटं रिकामी झाली आणि डोकी चालू लागली. दोष कोणाचा, हा प्रश्न पुढे आला. त्याचं उत्तर सुभेदारांच्या थोरल्या बहिणीने, जिला सारं गाव आत्याबाई म्हणे, चहा व्हायच्या आत देऊन टाकलं.

"आमच्या दारात सात लग्नं झाली," आत्याबाई ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. "कवा कुनाला करपट ढेकर आला न्हाई. हिचं पाऊल पडलं आनि गाव आडवं झालं. पायगुण म्हंत्यात त्यो ह्योच."

नवी सून आत चुलीपाशी होती. तिला ऐकू जाईल इतक्या आवाजातच हे चाललं होतं. सोमवारी तिचा भाऊ तिला माहेरपणाला न्यायला येणार होता. आत्याबाईंनी ठरवून टाकलं, की मुलीने त्याच्याबरोबर जावं ते कायमचंच. नवऱ्याची रजा संपत आली होती. तो पलटणीत परत गेला, की तिला आणायला कोण जाणार? लग्न होऊन सहा दिवस झालेली, एकोणीस वर्षांची मुलगी, पांढऱ्या पायाची म्हणून घरी परत जाणार आणि उरलेलं आयुष्य भावजयीच्या हाताखाली काढणार. हे सगळं एका खिरीवरून. मला मनापासून राग आला होता. त्यातला थोडा राग अजून दुखणाऱ्या पोटाचा होता, पण बाकीचा अस्सल होता.

नवरा काय म्हणत होता, हे विचाराल तर तो काहीच म्हणत नव्हता. सरहद्दीवर शत्रूला तोंड देणारा तो गडी आत्याबाईंपुढे बुटांना पॉलिश करत बसला होता.

बोलले ते सुभेदार. "चौकशीबिगर सजा न्हाई," ते म्हणाले. "लष्करात तसा कायदा न्हाई." आणि ते उठून आतून एक कुलूपबंद ॲल्युमिनियमचा डबा घेऊन आले. पलटणीच्या भटारखान्यात रोजच्या जेवणाचा नमुना बाजूला काढून ठेवायचा नियम असतो. सुभेदार निवृत्त झाले तरी नियम निवृत्त झाला नव्हता. त्यांनी पंगत बसायच्या आधी भात, आमटी, भाजी आणि खीर, सगळ्याचा नमुना काढून ठेवला होता. डबा माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "तुमी तपासनीस हाय न्हवं? तपासा. सोमवारच्या आत निकाल पायजे."

आता खरी अडचण सुरू झाली. खाल्ल्यावर दोन-तीन तासांत गावच्या गाव ओकतं, तेव्हा त्यामागे जिवाणू असतात, निदान त्यांनी अन्नात सोडलेलं विष असतं, एवढं मी शिकलो होतो. पण ते माझ्या दुर्बिणीत नक्की ओळखू येत नाहीत. त्यांना खाऊ घालून काचेच्या बशीत वाढवावं लागतं, मग त्यांची जात कळते. ती सोय मिरजेला. मी डब्यातले सगळे नमुने बर्फात घालून मिरजेला धाडले आणि तिथून उत्तर आलं, की तीन आठवडे लागतील. सोमवार चार दिवसांवर होता.

माझ्या दुर्बिणीत दिसतं ते वेगळंच. जंतांची अंडी, आमांशाचे जीव, असली दांडगी मंडळी. ती पोटात महिनोन्‌महिने बिऱ्हाड करून राहतात. त्यांचा दोन तासांत ओकण्याशी संबंध नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही मी सुभेदारांना सांगितलं, की जे जे जेवले त्या सगळ्यांच्या शौचाचे नमुने तपासावे लागतील. मला वेळ काढायचा होता. पुढे काय करायचं हे तोवर सुचलं नव्हतं.

सुभेदारांनी हुकूम काढला आणि गावाने तो पाळला. नमुने काडेपेटीतून आले, पळसाच्या द्रोणातून आले, तपकिरीच्या डबीतून आले. आत्याबाईंनी आपला नमुना हिंगाच्या पितळी डबीत घालून पाठवला आणि डबी परत पाहिजे असा निरोपही पाठवला. सुभेदारांच्या डबीवर नाव, हुद्दा आणि वेळ लिहिलेली होती. डॉक्टर तीन दिवस दवाखान्यात नाकाला रुमाल लावून फिरत होते. त्यांनी त्या महिन्यात बदलीचे दोन अर्ज केले.

नव्या सुनेचा नमुना तिने स्वतःच आणून दिला, बरोबर पोरगेलीशी नणंद. डबी पुढे करताना तिच्या उजव्या हाताला फडकं बांधलेलं दिसलं. हळदीने पिवळं झालेलं, कडेला ओलसर.

"हाताला काय झालं?" मी विचारलं.

"चुडा भरताना काच लागली," ती म्हणाली. "चिघळलंय जरा."

मी तिला आत डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी जखम धुऊन पट्टी बांधली. पुढच्या डबीचं झाकण उघडता उघडता मी ते विसरून गेलो. आजही हे लिहिताना माझ्या त्या हुशारीची मला लाज वाटते. मी मलेरियाचा माणूस. मला वाटायचं, की आपण डोळा दुर्बिणीला लावला म्हणजे पाहिलं.

दुर्बिणीत जे दिसलं त्याने मात्र माझी करमणूक झाली. साऱ्या भावकीच्या पोटांत एकोपा होता. प्रतिष्ठित घर नाही, साधं घर नाही, सगळीकडे तीच खरबरीत तपकिरी अंडी. शिवाय दोन डोळ्यांचा, पेरूच्या फोडीसारखा, ऐटीत पोहणारा एक जीव. तो काचेतून सरळ आपल्याकडेच बघतोय असं वाटायचं. सुभेदारांच्या पोटात शिस्तीची दोन प्रकारची सेना होती. आत्याबाईंची काच तर भरलेल्या बाजारासारखी होती. आणि नव्या सुनेच्या काचेवर काहीही नव्हतं. मी तीन काचा केल्या. तिन्ही स्वच्छ. त्या क्षणी मला माझी वाट दिसली.

रविवारी सकाळी मी दुर्बीण उचलून सुभेदारांच्या ओसरीवर मांडली. ऊन आरशात पकडलं आणि सुभेदारांना डोळा लावायला सांगितलं.

"ह्ये काय हाय?" ते म्हणाले.

"जंताचं अंडं. तुमच्या पोटातलं."

ओसरीवर जमलेली माणसं थोडी मागे सरकली. मी बोलत राहिलो. "जंत पोटात वाढून अंडी घालायला लागायला दोन महिने लागतात. सूनबाईंना या घरात येऊन आठ दिवस झालेत. ही अंडी त्यांच्या पायाने आलेली नाहीत. तुमच्या सगळ्यांच्या पोटात आहेत ती, माळव्याच्या मळ्यात आपण काय सोडतो आणि भाजी कशी धुतो, त्यातून आली आहेत. सगळ्या घरात पोट स्वच्छ आहे ते फक्त सूनबाईंचं."

यातला शब्दन्‌शब्द खरा होता. मी फक्त एवढंच सांगितलं नाही, की या अंड्यांमुळे कोणी ओकलं नव्हतं. तसं मला कोणी विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगायला गेलो नाही.

आत्याबाई पुढे आल्या. "माझ्यात काय निघालं?"

"सांगू का सगळ्यांसमोर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दुर्बिणीकडे बघितलं. "नगं," त्या म्हणाल्या. "डबी तेवढी द्या." आणि डबी न घेताच आत गेल्या.

सुभेदार उभे राहिले. "सून निर्दोष हाय," त्यांनी जाहीर केलं. "सोमवारी भावासंगं जाईल, आनि अमावस्येच्या आदी मी स्वता आणाय जानार. कुनाला काय म्हनायचंय?" जो तो आपल्या पोटाकडे संशयाने बघत होता. आतल्या दारात सून उभी होती. तिने पदराने डोळे पुसले, तेव्हा पट्टी बांधलेला हात वर आला. माझी छाती फुगली होती, त्यामुळे तो हात मला दिसला पण कळला नाही.

पुढचे पंधरा दिवस मी गावात मिरवलो. लोक जंताच्या गोळ्या मागायला रांगा लावत. कोणी रस्त्यात भेटला तर "काय तपासनीस, लय मोठी गोष्ट केली गड्या" म्हणून पाठीवर थाप मारी. हात धुतलेला असे की नाही, देव जाणे.

मग मिरजेहून लखोटा आला. डॉक्टर त्या दिवशी बदलीसाठी साहेबांना भेटायला सांगलीला गेले होते, म्हणून मीच फोडला. भात, आमटी आणि भाजी निर्दोष. खिरीत मात्र फोडात, गळवात, चिघळलेल्या जखमेत असतात त्या जातीचे जिवाणू भरमसाट. खाली शेरा होता, की हे जंतू बहुधा स्वयंपाक करणाऱ्याच्या हातावरच्या जखमेतून आले असावेत, आणि त्यांनी गोड, कोमट पदार्थात रात्रभरात केलेलं विष पुन्हा उकळूनही जात नाही.

मी स्टुलावर बसलो. हळदीचं फडकं, कडेला ओलसर. कोपरापर्यंत हात. तिच्या पोटात काही नव्हतं. जे होतं ते हातात होतं.

म्हणजे आत्याबाई बरोबर होत्या? पाय नाही तर हात, पण सून तीच. आणि मी जिला वाचवलं, ती खऱ्या पुराव्याने वाचली नव्हती. तो कागद मी मलेरियाच्या काचांच्या नोंदवहीत मागच्या पानात घातला. ती वही माझ्याखेरीज कोणी उघडत नसे. डॉक्टरांना सांगितलं, की नमुने वाटेत खराब झाल्यामुळे निदान झालं नाही. सरकारी कामात यावर सगळ्यांचा पटकन विश्वास बसतो.

पण तेवढ्याने सुटका नव्हती. श्रावणात नागपंचमीच्या पाहुण्यांसाठी तीच डेग पुन्हा चढणार होती आणि केळी पुन्हा तिच्याच पुढ्यात येणार होती. ती माहेराहून परत आली होती. आषाढात तापाने फणफणून ती दवाखान्यात आली, तेव्हा मी टोचायला तिचा हात धरला. तळहाताच्या कडेला पांढरा व्रण होता. नणंद बाहेर शेंगा खात बसली होती. मी हळू आवाजात तिला सगळं सांगितलं. कागदाचंही.

तिने बोटावरचा कापूस उचलून पाहिला.

"म्हंजी माज्याच हातनं झालं," ती म्हणाली.

"तुमचा दोष नाही. तुम्हाला काय माहीत."

"मला न्हवतं म्हाईत. पर हात ठणकत हुता, त्ये मी सांगितलं हुतं." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "मी म्हनलं, आत्याबाई, हातातनं पानी येतंय, केळी दुसऱ्या कुनी कुस्करली तर? त्या म्हनल्या, गोडाला हात लागला की दुखणं पळतंय. नव्या सुनंनं न्हाई म्हनायचं नसतं. आनि त्यांनीच माजं फडकं सोडलं. म्हनल्या, खिरीला हळद लागंल."

फडकं होतं तर ते त्यांनी सोडलं, खिरीचा रंग बिघडू नये म्हणून. तिने सांगितलं होतं. जेवणाच्या आदल्या संध्याकाळीच, सगळ्यांच्या आधी, दुर्बीण नसताना. मी तिला गावभर निर्दोष ठरवत फिरलो आणि एकदाही तिला विचारलं नाही, की बाई, त्या संध्याकाळी काय झालं.

"कुनाला सांगू नका," ती उठताना म्हणाली. "आत्याबाईंना तर न्हाईच. त्यांचं वय झालंय, जिवाला लावून घेतील."

त्यानंतर दोन वर्षांनी माझी बदली झाली. त्या गावी पुन्हा जाणं झालं ते सुभेदारांच्या धाकट्या मुलाच्या लग्नाला, दशक संपता संपता. मांडवात डेगा चढल्या होत्या. डेगेपाशी एक बाई उभी होती, कडेवर मूल, आवाजात हुकूम. तीच. केळी कुस्करायला नवी सून आली, तर हिने आधी तिचे दोन्ही हात पालथे-उलथे करून पाहिले, मग साबणाने धुवायला लावले. दूध घेऊन आलेल्या भावकीतल्या बाप्यांचेही हात ती बघत होती. खीरही सकाळीच, पंगतीच्या आधी शिजत होती. मुरवणं बंद. बाजेवर बसलेल्या आत्याबाई मला म्हणाल्या, "आमच्यात रीतच हाय तशी. हात दावल्याबिगर डेगेजवळ कुनाला यिऊ देत न्हाई. लय जुनी रीत हाय." त्यांच्या बोटाला चिंधी होती. त्यांना डेगेपासून दहा हात लांब बसवलेलं होतं.

मी कौतुकाने पुढे झालो. खीर ढवळायची पळी तिथेच होती, ती नुसती हातात घेऊन बघावी म्हणून हात पुढे केला.

तिने मला ओळखलं. जरा हसली, मग पळी मागे घेतली.

"तपासनीस," ती म्हणाली, "आदी हात दावा."

मी दाखवले.